पुरचुंड्यांची माळ

बाई, ती माळ अजून माझ्याकडे आहे. तुम्ही सांगितलं होतं तशीच, न तोडलेली. ज्वारी, तूर, हरभरा, मूग, करडई, सगळ्या पुरचुंड्या एका दोऱ्यात, आणि शेवटच्या पुरचुंडीला ती पुठ्ठ्याची चिठ्ठीही तशीच बांधलेली. आतलं धान्य केव्हाच संपलं. सोंड्यांनी पोखरून त्याचं पीठ केलं, ते पीठ कापडातून गळून गेलं, आणि आता बोटांना लागतो तो नुसता भुसा. दिवाळीच्या साफसफाईत नवरा विचारतो, हे ठेवायचं का? मी त्याच्याकडे अशी बघते की पुढचं वाक्य तो गिळून टाकतो. या आठवड्यात मात्र ती माळ तोडायची वेळ आली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुमच्या वयाला मी कधीच मागं टाकलं. तुम्ही तेव्हा अगदी पोरसवदा होतात हे मला आता कळतं. आम्हाला तुम्ही फार मोठ्या वाटायचात.

मी लातूरला शिकवते. शाळेत नाही, क्लासमध्ये. तुमच्या वेळी लातूर म्हणजे बोर्डात नंबर काढणाऱ्या पोरांचं गाव होतं. आता लातूर म्हणजे डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांचा तळ झालाय. जून उजाडला की बापाच्या डोक्यावर गादी, आईच्या हातात बादली आणि मागं मान खाली घातलेलं पोरगं, असे जथे बसस्थानकावर उतरतात. गल्लीगल्लीत वसतिगृहं, खानावळी, अभ्यासिका आणि झेरॉक्सची दुकानं. मी एका मोठ्या हॉलमध्ये माईक लावून जीवशास्त्र शिकवते, आणि पेशीत प्रथिनं कशी बनतात हा धडा माझ्याच वाट्याला आहे. पोरांना तो आवडतो, कारण त्यात गुण हमखास मिळतात. संदेशाची अक्षरं तीन-तीन करून वाचायची, प्रत्येक त्रिकुटाला एक अमिनो आम्ल जोडत जायचं, शेवटी थांब्याचं त्रिकूट आलं की प्रथिन सुटतं. त्या थांब्यापाशी आले की मी गाडी जोरात हाकते. यू ए ए, यू ए जी, यू जी ए, पाठ करा, पुढं चला. इतक्या वर्षांत तिथं मला कुणी अडवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका मुलीनं अडवलं. इस्लापूरकडची आहे, मागच्या बाकावर बसते, खानावळीचं जेवण तिच्या अंगी लागत नाही हे चेहऱ्यावरूनच कळतं. उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, स्टॉप आलाच न्हाई तर काय होतं?" सगळा हॉल हसला. हसणारच, परीक्षेत न येणारा प्रश्न विचारला म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. मीही म्हणून गेले, "ते अभ्यासक्रमात नाही." ती मुकाट खाली बसली. माझ्या हातातला खडू मात्र फळ्यावर टेकलेलाच राहिला. बाई, हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, तुम्हाला तिनं विचारला होता. माझ्या जोडीदारणीनं. तुमच्या वर्गात, विसर्जनाच्या दिवशी.

आपलं गाव किल्लारीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. तुम्ही उदगीरच्या. तुमच्या अब्बांची तिथल्या मोंढ्यात, धान्यबाजारात, आडत होती, आणि सोमवारी सकाळी तुम्ही बसमधून उतरलात की पिशवीत वह्यांबरोबर धान्याच्या नमुन्याच्या पुरचुंड्या असायच्या, व्यापाऱ्याला माल दाखवायला बांधतात तसल्या, मुठीत मावणाऱ्या. माझी चुलती म्हणायची, बाईंना पगार पुरत नसंल, धान्य विकत्यात. तुम्ही त्या वर्गाच्या खिडकीत रांगेनं मांडायचात आणि प्रत्येक धड्यात त्यांना कुठं ना कुठं कामाला लावायचात. तुमचं मराठी आमच्यासारखंच होतं, फक्त राग आला की उर्दूत जायचात आणि राग उतरला की परत यायचात. माझ्यावर तुम्ही एकदाच चिडलात. मी उभी राहून एका दमात म्हटलं होतं, प्रथिने शरीराची वाढ करतात व झीज भरून काढतात. तुम्ही म्हणालात, "इतकं तर पोपट भी बोलतो. तुला काय समजलं ते सांग." मला काहीच समजलं नव्हतं. मी रडले. आज मी पोपटांच्याच फौजा तयार करते आणि त्याचा पगार घेते, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही सरळ उर्दूतच गेला असतात.

त्या रडण्यावर उतारा म्हणूनच तुम्ही तो खेळ काढलात, असं मला कायम वाटत आलंय. पुस्तकात दोन-चार ओळींचा मजकूर होता. तुम्ही म्हणालात, "आज पेशीच्या आत जाऊन येऊ." विसर्जन म्हणून शाळा अर्धीच होती, बाहेर पोरं हलगी तापवत होती. तुम्ही एका जुन्या धोतराची लांब चिंधी आणली होती आणि तिच्यावर बिब्ब्यानं अक्षरं काढली होती, धोबी कपड्यांवर खुणा करतो तशी, धुतली तरी न जाणारी. बिब्बा उतून तुमच्या बोटावर चट्टा उठला होता. खेळ सुरू व्हायच्या आधीच माझ्या जोडीदारणीचा पाय वर्गाच्या पायरीवर ठेचाळला. अंगठ्याचं नख उलटलं, रक्ताची धार लागली. तुम्ही धावलात, हाताला लागली ती चिंधी धरलीत, तिचं टोक टर्रकन फाडलंत आणि तिच्या अंगठ्याला घट्ट बांधलंत. "टोकाला कोरंच हाय," असं स्वतःशी म्हणालात. मग आम्हा दोघींना गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसवलंत. ती मोठी, मी लहान. "तुम्ही दोघी मिळून एक रायबोसोम, पेशीतलं प्रथिनं बनवायचं यंत्र. एकटी कुणी कामाची न्हाई."

तुमचा तो आवाज आत्ताही मला ऐकू येतो. तुम्ही सांगताय, पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, मूळ लिखाण तिथं कुलपात. ते बाहेर येत नाही, बाहेर येते ती नक्कल, ही चिंधी. लहान अर्ध्यानं चिंधी धरायची आणि तीन-तीन अक्षरं वाचायची. वर्गातली बाकीची पोरं पुरचुंड्या घेऊन भिंतीशी उभी आहेत, प्रत्येक पुरचुंडीला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर उलट जोडीची तीन अक्षरं, ए समोर यू, जी समोर सी. मी वाचते, ए यू जी. ज्याची चिठ्ठी जुळते तो येतो, ज्वारीची पुरचुंडी देतो. "सुरुवात नेहमी हिच्यापासून," तुम्ही म्हणता. मी चिंधी पुढं सरकवते, पुढची तीन अक्षरं, तूर येते. आता मोठ्या अर्ध्याचं काम. माझी जोडीदारीण ज्वारीची चिठ्ठी सोडते आणि ज्वारी तुरीला बांधते. तिच्या गाठी फार सुंदर बसायच्या. सोडलेली चिठ्ठी घेऊन तो पोरगा खिडकीकडे पळतो, नवी पुरचुंडी आणायला. हरभरा येतो, मूग येतो. अर्ध्या वर्गाला पहिल्यांदा कळत होतं की आपल्या अंगात, बसल्या जागी, हे असंच चाललंय. तुम्ही हातात कात्री घेऊन उभ्या होतात. "शेवटी थांब्याची तीन अक्षरं येतील. त्यांच्यासाठी कुणाकडंच चिठ्ठी न्हाई, तवा कुणी जागचं हलायचं न्हाई. मग मी येईन. कात्री मीच चालवणार. माळ सुटली की तिच्या घड्या पडतात, अन् मग ती कामाला लागते. केस, नख, रक्त, सगळी सुटलेल्या माळांचीच करामत. अन् तुम्ही दोघी उठून दोन दिशेला जायचं. पुढचा संदेश आला की पुन्हा भेटायचं."

मी वाचत गेले आणि चिंधी संपली. थांबा आलाच नाही. करडईची पुरचुंडी शेवटची, तिची चिठ्ठी तिला तशीच, माळ आम्हा दोघींच्या हातात लटकलेली. सगळे तुमच्याकडे बघताहेत, तुम्ही चिंधीचं टोक उलटंपालटं करून बघताय. तेव्हा ती म्हणाली, "बाई, थांबा आलाच न्हाई तर काय होतंय वो?" तुम्ही म्हणालात, "मग अडकून बसायचं. माळ भी सुटत न्हाई, तुम्ही दोघी भी सुटत न्हाई." आणि एकदम तुमची नजर तिच्या पायावर गेली. अंगठ्याच्या पट्टीवर, अगदी वर, काळीभोर तीन अक्षरं, यू ए ए. तुम्ही खाली बसून हसलात. "अगं, थांबा तर तुझ्या पायाला बांधलाय!" सगळा वर्ग हसला. ती पट्टी सोडायला निघाली, तुम्ही तिचा हात धरलात. "न्हाई, रक्त थांबलंय, राहू दे. उद्या नवी चिंधी आणते, उद्या पूर्ण करू." माळ तुम्ही माझ्याकडं दिलीत. "तू ने. तोडू नको हां." मी ती शेतातल्या आखाड्यावर नेली. आमचं घर तेव्हा रानातच होतं, कुडाचं, वर गवताचं छप्पर. तिथं मेढीला टांगली. म्हणून ती राहिली. आणि मीही.

पहाटे जमीन हलली ते मी लिहीत नाही. तुम्ही मातीच्या माळवदाखाली होतात, उन्हाळ्यात इथं किती गार लागतं म्हणून तुम्हाला ती खोली आवडायची, एवढंच लिहिते. उजाडल्यावर वडील मला घेऊन गावात गेले. गाव नव्हतंच, दगड होते. धुळीनं सगळी माणसं एका रंगाची झाली होती, जिवंत आणि मेलेली. पावसाची रिपरिप सुरू होती. तिची आई अंगणात झोपली होती म्हणून वाचली होती आणि ओळीनं ठेवलेल्या पोरींचे चेहरे पदरानं पुसत हिंडत होती. चेहऱ्यांवरून ओळख पटण्यासारखं राहिलं नव्हतं. एका चादरीखालून पाय बाहेर आला होता. मी बघितलं. बिब्ब्याचं काळं पावसानं गेलं नव्हतं. मी तिच्या आईला सांगितलं, काकू, ही. सरणाला लाकडं पुरत नव्हती, पडलेल्या घरांच्या तुळया आणि दारं घालत होते. तुम्हाला तुमचे भाऊ उदगीरला घेऊन गेले, असं दोन दिवसांनी कानावर आलं. मला तुमचा फार राग आला होता, बाई. उद्या म्हणालात आणि गेलात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सुचणार?

मग पत्र्याच्या शेडमधली शाळा, मग नवं गाव, एकसारखी घरं आणि रिकामे रुंद रस्ते, मग लातूरला आत्याकडं कॉलेज, मग नांदेडला एम.एस्सी. तिथं एका दुपारी सरांनी सहज सांगितलं की कधीकधी संदेश टोकाला तुटलेला असतो. थांब्याचं त्रिकूट गेलेलं असतं. रायबोसोम वाचत-वाचत तुटक्या टोकाशी येतो आणि तिथं अडकतो. दोन्ही अर्धे एकमेकांना सोडू शकत नाहीत, माळ सुटू शकत नाही, नवं काम घेता येत नाही. असे रायबोसोम साठत गेले तर पेशी आजारी पडते. म्हणून पेशीनं त्यावर इलाज ठेवलाय. तिची काही प्रथिनं येतात, अडकलेले दोन अर्धे जबरदस्तीनं वेगळे करतात, अपुरी माळ मोडून तिचे घटक पुन्हा वापरायला देतात आणि तुटकी चिंधीही नष्ट करतात. सर पुढं गेले. मी वही मिटली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तुमचं उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच होतं. तुम्हाला माहीत नसेल, किंवा उद्यासाठी ठेवलं असेल.

त्या मुलीला मी गप्प बसवलं आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही. ठरवलं, तुमचा खेळ पूर्ण करायचा, हीच माळ घेऊन. पण माळ माझ्या एकटीची नव्हती. म्हणून रविवारी काळी-पिवळी जीप पकडून माझ्या जोडीदारणीच्या आईकडं, काकूंकडं गेले. त्या नव्या गावात एकट्या राहतात, गुडघे गेलेत, दारात खाट टाकून बसतात. मी पिशवीतून माळ काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती याआधी कधी बघितली नव्हती. मीच कधी दाखवली नव्हती, कारण त्यातली एकेक गाठ त्यांच्या लेकीची.

"ह्ये काय हाय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. खेळ, चिंधी, कात्री. त्या गाठींवरून अंगठा फिरवत ऐकत होत्या.

"तोडू का काकू?" मी विचारलं.

त्यांनी माळ उलटी करून करडईची चिठ्ठी चाचपली. मग म्हणाल्या, "बाईनं ती चिंधी फाडली म्हणून माझी लेक मला घावली. न्हाई तर दुसऱ्याचीच लेक माझी म्हणून जाळली आसती मी." एका गाठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तिला ल्हानपणापासनं गाठी मारायची लई हौस. माझ्या लुगड्याला बी मारायची." आणि माळ माझ्या पिशवीत ठेवून दिली. "तोड. तुझं तू कवर आडकून बसणार हाईस?"

चिंधी फाटली आणि खेळ अर्धा राहिला, एवढंच मला इतकी वर्षं सलत होतं. तो थांबा कुठं कामी आला ते त्यांना दिसलं. मी परतताना जीपमध्ये सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, मैत्रीण. तिला ते कालचंच वाटलं असणार.

सोमवारी मी माळ हॉलमध्ये नेली. इस्लापूरच्या मुलीला मोठा अर्धा केलं आणि तिच्या शेजारणीला लहान. खुर्च्यांमध्ये जागा नाही, म्हणून दोघी फळ्यापुढं फरशीवर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. क्लासचे चालक दारात येऊन घड्याळ दाखवून गेले. मी त्यांच्याकडं पाठ केली. पहिल्यांदा माळ तिच्या हातात दिली, मी नव्यानं केलेली, तुटक्या टोकाची चिंधी दुसरीच्या, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं, तुमचं अर्धं आणि नांदेडचं अर्धं. मग म्हटलं, "आता टोक जोडू." पांढऱ्या कापडाचा तुकडा चिंधीला टाचला. त्यावर मी तिथंच, सगळ्यांसमोर, बिब्ब्यानं अक्षरं काढली, यू ए ए. बिब्बा लातुरात शोधावा लागला, काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला. शेजारणीनं वाचलं. कुणी उठलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

बाई, मी कात्री घेऊन पुढं गेले आणि करडईच्या पुरचुंडीपासून चिठ्ठी कापली. माळ फरशीवर पडली, कुठं वळली, कुठं दुमडली. मी म्हटलं, "उठा दोघी. काम झालं." त्या उठल्या, ओढण्या झटकल्या, एक डावीकडं गेली, एक उजवीकडं. टाळ्या वाजल्या. काहींनी फोनवर चित्रीकरण केलं होतं. ती मुलगी जाताना म्हणाली, "मॅडम, आता ध्यानात राहील." मला वाटलं होतं की त्या क्षणी छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. नुसतं रिकामं वाटलं आणि पुढच्या तासाची घंटा झाली.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी उदगीरला कुणाकडं पाठवणार? तुमची आडत आता तिथं नाही, मी चौकशी केली होती. काकूंना फोन करून सांगितलं की माळ तोडली. त्या म्हणाल्या, "लई चांगलं केलीस बघ." वर्गात, घरी, सगळ्यांना तेच माहीत आहे. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. त्याच संध्याकाळी, नवरा बाहेर गेल्यावर, मी ती चिठ्ठी पुन्हा करडईच्या पुरचुंडीला बांधली आणि माळ होती त्या खिळ्याला अडकवली. माझी गाठ तिच्यासारखी बसली नाही, जाडजूड आली. पण तुम्ही म्हणाला होतात, "कात्री मीच चालवणार."